खुनी कोण ते माहीत असूनही मोर्स, प्वारो आणि होम्स पुन्हा का बघावेसे वाटतात?

प्रश्न असा आहे: ‘इन्स्पेक्टर मोर्स’, डेव्हिड सुशेचा प्वारो, जेरेमी ब्रेटचा शेरलॉक होम्स या जुन्या ब्रिटिश गुन्हेमालिका तीस-चाळीस वर्षांनंतरही लोक का बघतात? आणि एकदा खुनी कोण ते कळल्यावर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बघण्यासारखं त्यात उरतं तरी काय?

मी बरीच वर्षं हिंदी आणि मराठी वाहिन्यांसाठी गुन्हेकथांचे एपिसोड लिहिले, आता पटकथालेखन शिकवतो. त्यामुळे हे उत्तर चाहत्याचं कमी आणि कारागिराचं जास्त आहे.

या प्रश्नाला नेहमी मिळणारं उत्तर म्हणजे हिरवीगार खेडी, चहाचे कप, जुन्या मोटारी, हरवलेला काळ. ते खोटं नाही, पण पुरेसं नाही. नाशिकला बसून ऑक्सफर्ड बघणाऱ्या माणसाचा कुठला काळ हरवलेला असतो? दुसरं उत्तर म्हणजे कोडं. तेही मला पटत नाही, कारण कोडं सुटलं की संपतं आणि या मालिका संपत नाहीत. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्यांना उत्तर आधीच माहीत आहे अशा प्रेक्षकांसाठीच या मालिका बनल्या होत्या. प्रश्नातला ‘माहीत असूनही’ हा अडथळा नव्हता, ती त्यांची मूळ अट होती.

आता जरा तपशिलात जातो. ग्रॅनडा टेलिव्हिजननं एप्रिल १९८४ मध्ये होम्स सुरू केला, तेव्हा ‘स्ट्रँड’ मासिकातल्या पहिल्या कथांना नव्वदहून अधिक वर्षं झाली होती. ब्रिटनमधल्या शाळकरी पोरालाही त्या ठाऊक होत्या. सिनेमे, नाटकं, रेडिओ सगळं होऊन गेलं होतं. आपल्याकडेही भालबा केळकरांच्या अनुवादातून होम्स वाचलेल्या पिढीला ‘द स्पेकल्ड बँड’ कथेतला ठिपक्यांचा पट्टा म्हणजे काय हे पडद्यावर बघायच्या आधीच माहीत होतं. अशा वेळी ‘खुनी कोण’ या एका दोरीवर एपिसोड टांगताच येत नाही. मग टांगायचा कशावर?

निर्माते मायकल कॉक्स यांचं उत्तर होतं: मूळ मजकुरावर. त्यांच्या चमूनं कथांमधून होम्सच्या सवयी, कपडे, खोलीतल्या वस्तू, बोलण्याच्या लकबी असं सगळं उपसून एक फाईलच तयार केली होती. मँचेस्टरच्या स्टुडिओच्या आवारात बेकर स्ट्रीट उभा केला. सिडनी पॅजेटनं ‘स्ट्रँड’साठी काढलेल्या चित्रांसारख्याच कित्येक फ्रेम लावल्या. ब्रेट स्वतः मूळ कथा घेऊन सेटवर यायचा आणि संहिता भरकटली की वाद घालायचा. सर्वांत मोठी दुरुस्ती वॉटसनची झाली. जुन्या हॉलिवूड सिनेमांनी त्याचा विदूषक करून टाकला होता. इथे आधी डेव्हिड बर्क आणि मग एडवर्ड हार्डविक यांनी तो पुन्हा डॉक्टर आणि सैनिक केला. हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. वॉटसन मूर्ख असेल तर होम्सची हुशारी स्वस्त होते आणि दोघांच्या मैत्रीला काही कारणच उरत नाही. वॉटसन समंजस असला की प्रत्येक एपिसोडमध्ये गुन्ह्याशिवाय आणखी एक गोष्ट चालू राहते: हा शहाणा माणूस या विक्षिप्त माणसाला का सहन करतो? ती गोष्ट दहाव्यांदा बघतानाही संपत नाही.

ब्रेटचंच एक उदाहरण. १९८८च्या ‘द डेव्हिल्स फूट’मध्ये होम्स कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर कोकेनची सिरिंज वाळूत पुरतो. मूळ कथेत हे नाही. मालिका मुलंही बघतात हे लक्षात आल्यावर ब्रेटनं ते सुचवलं आणि होम्सचा लेखक कॉनन डॉयलच्या कन्येची त्याला संमती घेतली. मजकुराशी इतका निष्ठावान नट एकदाच हात सैल सोडतो, तोही पात्राला व्यसनातून मोकळं करण्यासाठी. त्या एपिसोडमधलं विष कुठलं, मारेकरी कोण हे मला आठवावं लागतं. ती वाळू आठवावी लागत नाही.

आता अगाथा ख्रिस्तीचा बेल्जियन गुप्तहेर प्वारो. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण क्लू कसा लपवायचा हे शिकवताना मी हाच एपिसोड लावतो. जानेवारी १९८९ मध्ये मालिका सुरू झाली ती ‘द ॲडव्हेंचर ऑफ द क्लॅपहम कुक’नं. (पाहिला नसेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडा.) पुढे सत्तर एपिसोड आणि चोवीस-पंचवीस वर्षं चालणार असलेल्या मालिकेची पहिली केस काय असावी? एका मध्यमवर्गीय घरातली स्वयंपाकीण न सांगता निघून गेली आहे. प्वारोचा मित्र हेस्टिंग्ज वर्तमानपत्रातून एकेक गुन्हा वाचून दाखवतोय, प्वारो नाक मुरडतोय, हे आपल्या तोलामोलाचं नाही म्हणून. तेवढ्यात मिसेस टॉड येतात, स्वयंपाकीण शोधून द्या म्हणतात. प्वारो नकार देतो. त्या त्याला झापतात: मोठ्या बाईसाहेबांना मोत्यांचं जेवढं, तेवढंच आमच्यासारख्यांना चांगल्या स्वयंपाकिणीचं! प्वारो क्षणभर गप्प होतो आणि केस घेतो. त्या एका प्रसंगात हा माणूस कळतो. गर्व भरपूर, पण तो गर्व बाजूला ठेवता येण्याइतकी न्यायबुद्धी त्याच्याकडे आहे.

मग मिसेस टॉडची तक्रार सुरू होते. बाई अशी गेली, तशी गेली, आदल्या दिवशी काही बोलली नाही, आणि वर माणूस पाठवून आपली ट्रंकही घेऊन गेली, आधीच बांधून ठेवलेली! पहिल्यांदा बघताना आपण हे कानाआड करतो, कारण ती चिडलेल्या मालकिणीची कटकट वाटते. पुढे कळतं की सगळा खटाटोपच त्या ट्रंकेसाठी होता. वारसाहक्काची खोटी बतावणी करून बाईला दूर उत्तरेला धाडायचं, ते केवळ ती जुनी, कुणाच्या नजरेत न भरणारी ट्रंक हाती यावी म्हणून, कारण आत प्रेत भरायचं आहे. क्लू पहिल्या काही मिनिटांतच समोर ठेवलेला होता, झाकला होता तो फक्त वैतागानं. मी मुलांना हेच सांगतो की क्लू अंधारात ठेवू नका, तक्रारीत ठेवा. दुसऱ्यांदा बघताना मजा दुप्पट होते. मिसेस टॉड बोलत असतात आणि आपण प्वारोच्या चेहऱ्याकडे बघत असतो, याला आत्ता ऐकू आलं का? सुशे तिथे फार काही करत नाही, आणि ते न करणंच बघण्यासारखं आहे.

सुशेच्या तयारीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. प्वारोच्या स्वभावाची आणि सवयींची ९३ मुद्द्यांची यादी त्यानं कथा-कादंबऱ्या वाचून केली होती. चहात साखर किती, हातरुमाल कुठे, इथपर्यंत. ती तुरुतुरु चाल, अंगावरचं पॅडिंग, बेल्जियन हेल, सगळं कमावलेलं. हे कौतुकाचं आहेच. पण अशी यादी हाती आली की नट बहुधा यादीच करून दाखवतो, आणि सुशेनं तसं केलं नाही.

ऑक्सफर्डच्या पोलीस इन्स्पेक्टर मोर्सची गोष्ट थोडी निराळी, कारण त्याच्यावरच्या कॉलिन डेक्स्टरच्या कादंबऱ्या ख्रिस्तीइतक्या घराघरांत नव्हत्या. पहिला एपिसोड जानेवारी १९८७ चा. पटकथा अँथनी मिंगेलाची, जो पुढे ऑस्कर घेणार होता. निर्माते केनी मॅकबेन यांनी एक हट्ट धरला: तासाचा नाही, दोन तासांचा स्लॉट. जाहिराती वजा जाता सुमारे शंभर मिनिटं हातात. एका गुन्ह्याला एका बैठकीत एवढा वेळ तेव्हा कुणी देत नसे.

त्या शंभर मिनिटांचं महत्त्व मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती जाऊन चाळीस-पंचेचाळीस मिनिटं उरतात. प्रत्येक ब्रेकच्या आधी हुक हवा, ब्रेकनंतर रिकॅप हवा. एपिसोड लांबला की एडिटला पहिला कुठला सीन उडतो? ज्यात कुणी कुणाला काही माहिती देत नाही तो. मी एकदा हवालदार आणि साक्षीदार म्हातारी चहा पिताना गप्प बसलेत असा सीन लिहिला होता. चॅनेलवरून फोन आला, ‘सर, या सीनमध्ये होतंय काय?’ चूक त्यांची नव्हती, घड्याळाची होती. मोर्समध्ये मात्र असे सीन ढिगानं आहेत. मोर्स पबमध्ये बिअर पितो आणि पैसे हाताखालच्या सार्जंट लुईसला द्यायला लावतो. शब्दकोड्यावर अडतो. ऑपेराच्या तालमीला जातो. कुणा बाईवर जीव जडतो आणि ती हटकून केसमध्ये अडकलेली निघते. प्रेत बघून त्याला मळमळतं! आणि तो चुकतो, सारखा चुकतो. भलत्यालाच संशयित ठरवतो, कधी धरूनही आणतो, मग लुईस घरच्या गोष्टी सांगताना सहज काहीतरी बोलून जातो आणि साहेबांची ट्यूब पेटते.

लुईस हे पात्र बदलण्यात तर फार मोठं डोकं चाललं. कादंबऱ्यांत तो वयस्कर वेल्शमन आहे. मालिकेत त्याला तरुण केलं, ईशान्य इंग्लंडचा केलं, केव्हिन व्हेटलीला घेतलं. लगेच वर्ग आला, वय आलं, बोलीचा फरक आला. मोर्स ऑक्सफर्डमध्ये शिकलेला पण पदवी न घेता बाहेर पडलेला. त्यामुळे कॉलेजच्या प्राध्यापकांसमोर तो पोलीस, आणि पोलिसांमध्ये तो विद्वान, कुठेच पूर्ण आपला नाही. लुईसला या कशाचीच खंत नाही, त्याला संध्याकाळी वेळेवर घरी जायचंय. मोर्स साकारणारा जॉन थॉ त्याआधी ‘द स्वीनी’मध्ये दारं लाथाडणारा रांगडा पोलीस म्हणून घरोघरी माहीत होता. मोर्स सुरू झाला तेव्हा तो जेमतेम पंचेचाळिशीचा होता. पांढरे केस आणि तो थकवा बघून कुणाला खरं वाटू नये!

बॅरिंग्टन फेलाँगच्या शीर्षक-संगीतात मोर्स कोडमध्ये, म्हणजे तारायंत्राच्या टिंब-रेघांच्या लिपीत, मोर्सचं नाव वाजतं, हे बहुतेकांना माहीत असतं. तो कधीकधी एपिसोडच्या संगीतात खुन्याचं नावही कोडमध्ये पेरायचा, कधी मुद्दाम चकवाही द्यायचा. म्हणजे ज्याला ऐकता येतं त्याच्यासाठी उत्तर पार्श्वसंगीतातच चालू आहे. उत्तर लपवून ठेवण्याची भीती यांना किती कमी होती, बघा.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा शेवटच्या एपिसोडमध्ये आहे. ‘द रिमोर्सफुल डे’ कादंबरी १९९९ मध्ये आली, एपिसोड नोव्हेंबर २००० मध्ये. मोर्स मरणार हे वर्षभर आधी छापून आलेलं होतं. तरी ब्रिटनमध्ये त्या रात्री एक कोटीहून अधिक लोक टीव्हीसमोर होते. मोर्स कॉलेजच्या हिरवळीवर कोसळतो. इस्पितळात वरिष्ठ अधिकारी स्ट्रेंज शेजारी बसलाय, आणि मोर्स म्हणतो, लुईसला माझे आभार सांगा. लुईस तेव्हा तिथे नाही, तो केसच्या मागे विमानतळावर गेलाय. नंतर तो शवागारात येतो, कपाळाचं चुंबन घेतो आणि ‘गुडबाय, सर’ म्हणतो. बस. तेरा-चौदा वर्षं ज्याला ‘सर’शिवाय हाक मारली नाही, त्याला शेवटीही ‘सर’च. आता सांगा, त्या एपिसोडमध्ये खुनी कोण होता? मी वर्गात हा प्रश्न विचारतो. चुंबन सगळ्यांना आठवतं, खुन्याचं नाव आजवर क्वचितच कुणी सांगितलंय.

हे सगळं एकाच काळात, एकाच देशात का जमलं? प्रतिभा वगैरे ठीक, पण त्यामागे व्यवस्थाही होती. या तिन्ही मालिका दाखवणारी आयटीव्ही ही जाहिरातींवर चालणारी वाहिनी म्हणजे तेव्हा एक कंपनी नव्हती, प्रदेशवार परवानाधारक कंपन्यांचा संघ होता: मँचेस्टरची ग्रॅनडा, मिडलंड्सची सेंट्रल, लंडनची एलडब्ल्यूटी. जाहिरातीचं उत्पन्न त्या त्या प्रदेशात जवळपास मक्त्याचं. परवाना टिकवायचा तर नियामकाला दर्जा दाखवावा लागे. म्हणजे पैसा होता आणि तो चांगल्या नाटकावर खर्च करायला कारणही होतं. म्हणूनच होम्ससाठी अख्खा रस्ता उभा राहतो आणि मोर्स फिल्मवर चित्रित होतो. १९९०च्या प्रसारण कायद्यानं परवाने लिलावात काढले आणि हिशेब बदलले. चांगल्या मालिका त्यानंतरही आल्या, पण ती ऐसपैस बैठक मोडली.

दुसरं कारण रंगभूमी. सुशे रॉयल शेक्सपिअर कंपनीत घडलेला, ब्रेट नॅशनल थिएटरमध्ये. आणि गोष्ट फक्त नायकांची नाही. गुन्हेकथेत दर एपिसोडला सहा-सात संशयित लागतात, प्रत्येकाला एक-दोनच मोठे प्रसंग, आणि तेवढ्यात त्यानं खोटं बोलणारा खरा माणूस उभा करायचा. हे काम नाटकातल्या नटांनाच जमतं. मोर्सच्या एका एपिसोडमध्ये चक्क सर जॉन गिलगुड आहेत, आणि त्याच एपिसोडमध्ये तेव्हा कुणाला माहीत नसलेली रेचल वाइझ. ब्रेटच्या होम्समध्ये एका छोट्या भूमिकेत कोवळा जूड लॉ दिसतो, जो पुढे मोठ्या पडद्यावर स्वतः वॉटसन झाला. पुन्हा बघण्याचा हाही एक भाबडा आनंद आहेच.

आपल्याकडची परंपरा वेगळ्या वाटेनं गेली, आणि त्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही. बी. पी. सिंग यांनी मराठीत ‘एक शून्य शून्य’ केली, पुढे १९९८ मध्ये ‘सी.आय.डी.’ सुरू झाली आणि शिवाजी साटम घरातलेच झाले. त्या मालिकेचं इंधन वेग आणि टीम, एकाकी माणूस हा तिचा विषयच नाही. ब्रिटिश धाटणीच्या जवळ गेला तो १९९३चा दूरदर्शनवरचा ब्योमकेश बक्षी. बासू चटर्जींनी तिथे धोतर नेसलेला, शांत, ऐकून घेणारा गुप्तहेर दाखवला. तोही लोक आज पुन्हा बघतात, आणि माझ्या मते कारण तेच.

बीबीसीची मिस मार्पल, ख्रिस्तीचीच म्हातारी गुप्तहेर, मी थोडक्यात उरकतो, पण टाळत नाही. जोन हिक्सननं १९८४ मध्ये ती सुरू केली तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. हातात विणकाम, बोलणं मोजकं. तिच्यासमोर लोक बेसावध बोलतात, कारण म्हातारीला कोण मोजतं! समाज कुणाला मोजत नाही यावरच तिचा सगळा तपास उभा आहे. त्यानंतर आलेल्या मार्पल जास्त गोड आहेत. हिक्सन गोड नाही, तिची नजर थंड आहे, आणि म्हणून ती खरी वाटते.

१९९१ मध्ये ‘प्राइम सस्पेक्ट’ आली आणि हा साचा आतून फुटला. लिंडा ला प्लांटनं लिहिलेल्या पहिल्या मालिकेत संशयित कोण हे लवकरच स्पष्ट होतं. कोडं नाहीच म्हणा ना. हेलन मिरेनची पोलीस अधिकारी जेन टेनिसन त्याच्यावर गुन्हा सिद्ध करू शकेल का, आणि त्याआधी तिच्याच हाताखालचे पुरुष तिला काम करू देतील का, एवढ्यावर सगळं ताणलेलं आहे. चहा, बागा, जुन्या मोटारी यातलं काही नाही, तरी तीही लोक पुन्हा बघतात. नॉस्टॅल्जियावाल्यांनी या मालिकेचं काय करायचं ते ठरवावं.

दोष आहेत, भरपूर आहेत. नोकरवर्ग अनेकदा एक तर बावळट किंवा लबाड. ब्रिटन बदलत होतं तरी पडदा गोराच राहिला. ‘मिडसमर मर्डर्स’ या खेड्यातल्या खुनांच्या मालिकेच्या एका निर्मात्यानं २०११ मध्ये या गोरेपणाचं जाहीर समर्थन केलं आणि त्याला बाजूला व्हावं लागलं. मोर्स बायकांच्या बाबतीत जसा वागतो ते आज कुठे कुठे खटकतं. आणि प्वारोच्या शेवटच्या काही मोठ्या एपिसोडमध्ये काळोख आणि धार्मिक घुसमट इतकी ओतली आहे की ख्रिस्तीची हलकी कोरडी चेष्टा बुडून गेली. काही चाहत्यांना तेच आवडतं. मला सुरुवातीचे तासाभराचे एपिसोड जास्त प्रिय आहेत.

सुरुवात कुठून करावी असंही विचारलंय. ब्रेटचा ‘ब्लू कार्बंकल’ घ्या, घरात सगळ्यांसोबत बघता येतो. मग ‘क्लॅपहम कुक’. मोर्समध्ये थेट पहिल्यापासून जायची गरज नाही. डॅनी बॉईलनं दिग्दर्शित केलेला १९९०चा ‘मेसॉनिक मिस्टरीज’ बघा, त्यात संशयाची सुई खुद्द मोर्सवरच येते. मात्र ‘द रिमोर्सफुल डे’ आणि प्वारोचा ‘कर्टन’ शेवटासाठीच राखून ठेवा. आणि पहिल्या वेळी मराठी माणसाला इंग्लिश उच्चार अडतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही, सबटायटल्स लावा. दुसऱ्या वेळी ती बंद करा आणि जो बोलत नाहीये त्याच्याकडे बघत बसा.